झाकण नाही ठेवायचं

नळ आला मंगळवारी, नवव्या दिवशी.
त्यातलं वीस लिटर मी जिन्याखाली सरकवलं
आणि घरात कुणाला सांगितलं नाही.
जालन्यात पाणी लपवणं म्हणजे
दुसऱ्या संसाराला पैसे पाठवण्यासारखं.

संध्याकाळी सायमनमामा आला, सायकल हातात धरून.
एकतीस वर्षं वाळूजच्या कंपनीत बिअरच्या कढईवर होता.
स्वतः थेंब घेत नाही.
साखर आहे, शिवाय आईला दिलेला शब्द.

मागच्या वेळचं त्याच्या कानावर गेलं होतं.
मी जाळ चालू ठेवूनच मॉल्टचा डबा ओतलेला.
काकवीसारखं ते दाट, सरळ तळाशी जाऊन बसलं.
वर मी ढवळत राहिलो, खाली ते करपत राहिलं.
मग फेस उतला:
शेगडी, ओटा, फरशी, सिलिंडरची नळी.
मुंग्या तीन दिवस येत होत्या,
चौथ्या दिवशी पाहुणे घेऊन आल्या.
तेव्हापासून शोभनानं स्वयंपाकघर बंद केलंय मला.
म्हणून आता गच्ची, आणि केटररची भट्टी.

"पाणी तापलं? मग जाळ बंद कर."
केला.
"आता ओत. डाव तळाला टेकव, खरवड.
विरघळलं का ते मला नको विचारू, हाताला विचार."
हात म्हणाला, अजून उलीसं.

पुन्हा जाळ. मामानं खुर्ची फिरवली,
भट्टीकडे पाठ, मोती तलावाकडे तोंड.
"भगुनं तू बघ. मी ऐकायलोय."

आधी नुसतं सूं.
मग बारीक खडखड, पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखी.
मग एकदम गप्प.

"आलं," तो म्हणाला, वळलाच नाही,
आणि खरंच आलं,
पिवळट जाड साय, काठाला खांदा लावून उठणारी.
मी फुंकर मारली.
"कशाला घाबरायलास? जाळ कमी कर. पाणी शिंपड."
तीनदा चढली, तीनदा बसली.
चौथ्यांदा मधोमध फाटली
आणि आत फुटल्या दुधासारखे तुकडे
गरगर फिरू लागले, चहाच्या रंगात.

"उतायचं नाही, मातायचं नाही,"
मामा म्हणाला. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस,
श्रावणातल्या कहाणीचं वाक्य.
"आता तासभर अशीच. मधून वर, कडेनं खाली.
पेंगायला लागली तर जाळ वाढव."

हॉप्स टाकले. गच्चीभर कडू, हिरवा वास.
सवयीनं मी झाकण उचललं
आणि मामा पहिल्यांदा वळला.

"झाकण नाही ठेवायचं."
"वाफ चाललीय, मामा."
"जाऊ दे. उकडल्या मक्याचा वास असतो तिच्यात.
झाकलास की थेंब होऊन परत पडतो,
मग शेवटच्या बाटलीपर्यंत तोच."

झाकण हातात धरून उभा राहिलो.
नवव्या दिवसाचं पाणी
माझ्या डोक्यावरून चाललं होतं, हळूहळू,
चंदनझिऱ्याच्या दिशेनं.
शेजारच्या गच्चीवर तस्लीमभाभी
टाकीत काठी बुडवून पाणी मोजत होती,
काठी वर काढायची, ओली खूण बघायची,
पुन्हा बुडवायची. जणू दुसऱ्यांदा जास्त भरेल.

"कंपनीत किती जायचं असं, वाफेतून?"
मामानं खुर्चीचा हात खाजवला.
"चिमणी होती. मोजायचं काम दुसऱ्याचं."
थोड्या वेळानं, न विचारता:
"उन्हाळ्यात गेटासमोरून टँकर जायचे. गावाकडे.
हॉर्न आतपर्यंत यायचा."

उकळी तेवढी बोलत राहिली.

तास भरला. जाळ बंद केला.
डाव उभा बुडवून खूण बघितली:
सतरा.
तीन लिटर, म्हणजे दोन वेळची भांडी,
किंवा केस न धुता एक अंघोळ.

शोभना वर आली ती कपडे काढायला.
तारेवरून एकेक चिमटा काढत, भगुन्यात डोकावली,
डावावरच्या ओल्या खुणेकडे बघितलं,
मग माझ्या हातातल्या झाकणाकडे.

"वीस होतं ना?" ती म्हणाली.